थंडाव्याचा हिशेब

सूरह तकासुर आपल्यापैकी बहुतेकांना तोंडपाठ असते. मक्तबात मुलांना ज्या छोट्या सूरह सुरुवातीला शिकवल्या जातात, त्यांत ती असतेच. अवघ्या आठ आयतींची ही सूरह माणसाच्या 'आणखी हवे, आणखी हवे' या हव्यासावर बोट ठेवते आणि शेवटी इशारा देते की, त्या दिवशी तुम्हाला नेमतींबद्दल जाब विचारला जाईल. कोणत्या नेमतींबद्दल, हे तिथे सांगितलेले नाही. त्यामुळे आपण आपल्या सोयीने समजूत करून घेतो. ज्यांच्याकडे बंगले आहेत, गाड्या आहेत, बागाईत जमिनी आहेत, त्यांनी घाबरावे. वीस तारखेलाच ज्यांचा पगार संपतो त्यांना कोण काय विचारणार?

पण तिरमिजी शरीफमध्ये याच आयतीच्या संदर्भात एक हदीस येते. तिचा आशय असा की, कयामतच्या दिवशी बंद्याला नेमतींपैकी सर्वांत आधी दोन गोष्टींबद्दल विचारले जाईल. एक, त्याला दिलेले निरोगी शरीर. आणि दुसरी, त्याला पाजलेले थंड पाणी.

सोने, सत्ता, जमीनजुमला हे सारे मागे राहिले आणि थंड पाणी पुढे आले. म्हणजे हा प्रश्न कोणालाच चुकणारा नाही. फ्रिजवाल्याला तो विचारला जाईल आणि माठवाल्यालाही. आता थंड पाणी पिणे हा काही गुन्हा नव्हे. मग त्याचा हिशेब कसला द्यायचा? चैत्र लागला, रस्त्यावरचे डांबर मऊ होऊ लागले आणि रंकाळ्यावर संध्याकाळी आइस्क्रीमच्या गाड्यांभोवती गर्दी जमू लागली की, हा प्रश्न किताबातून उठून आपल्या गल्लीत येतो. त्याचा थोडा विचार करावा म्हणून हा लेख.

आधी एक गैरसमज बाजूला ठेवायला हवा. 'हिशेब' म्हटले की आपल्याला वाटते, आता कोणीतरी सुख सोडायला सांगणार. इस्लामने तसे सांगितलेले नाही. हजरत आयेशा (रजि.) यांच्या रिवायतीनुसार पैगंबर साहेबांना (स.) सर्वांत आवडणारे पेय म्हणजे गोड आणि थंड पेय. अरबस्तानच्या वाळवंटात थंड, गोड पाणी मिळणे केवढे दुर्मिळ असेल! दुसरा एक प्रसंग सहीह मुस्लिममध्ये आहे. भुकेमुळे पैगंबर साहेब घराबाहेर पडले. वाटेत हजरत अबू बकर आणि हजरत उमर (रजि.) भेटले, तेही भुकेनेच बाहेर पडलेले. तिघे मिळून एका अन्सारी सहाबीच्या घरी गेले. घरमालक नव्हते. त्यांच्या पत्नीने पाहुण्यांचे स्वागत केले आणि सांगितले की, ते गोड पाणी आणायला गेले आहेत. थोड्या वेळाने ते आले, त्यांनी खजुरांचा घोस पुढे ठेवला, बकरी कापली. सर्वांनी पोटभर खाल्ले, पाणी प्यायले. त्यानंतर पैगंबर साहेबांनी सोबत्यांना जे सांगितले त्याचा अर्थ असा की, या नेमतीबद्दलही तुम्हाला विचारले जाईल. तिरमिजीच्या रिवायतीत तर थंड सावली, ताजे खजूर आणि थंड पाणी अशी त्या नेमतीची फोडही केलेली आहे.

हा प्रसंग नीट पाहिला तर कळते की, तिथे कोणालाही खाण्यापिण्यापासून रोखलेले नाही. आधी खाल्ले, प्यायले, मग हिशेबाची आठवण दिली. म्हणजे प्रश्न हलाल-हरामचा नाही. जे हलाल आहे, आवडते आहे, समाधानाने प्यायलेले आहे, त्याचाच हिशेब द्यायचा आहे. आणि त्या हिशेबात तो अन्सारीही येतो, जो भर उन्हात पखाल खांद्यावर घेऊन पाणी आणायला गेला होता. पाहुण्यांच्या ओठाला लागलेला थंडावा कोणाच्या तरी खांद्यावरून आला होता.

मी सातवी-आठवीच्या मुलांना विज्ञान शिकवते. उष्णतेचा धडा आला की मी वर्गात माठ आणून ठेवते. मुलांना वाटते, माठात काहीतरी 'थंड' असते. त्यांना समजावून सांगावे लागते की, थंडी नावाची कोणतीही वस्तू नसते. असते ती उष्णता, आणि ती फक्त एका जागेवरून दुसऱ्या जागी नेता येते. माठाच्या बारीक छिद्रांतून पाणी पाझरते, बाहेरच्या अंगावर येऊन त्याची वाफ होते आणि वाफ होताना ते आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. म्हणून नवा माठ जास्त गार करतो आणि छिद्रे बुजलेला जुना माठ नुसते भांडे होऊन बसतो. रात्रभरात माठातले पाणी थोडे कमी झालेले असते. तेवढे पाणी गेले म्हणून उरलेले थंड झाले.

फ्रिजही तेच करतो, फक्त जोर लावून. आतली उष्णता उपसून तो मागच्या जाळीतून बाहेर टाकतो. एअर कंडिशनर खोलीतली उष्णता गल्लीत टाकतो, आणि त्यासाठी जी वीज लागते तिचीही उष्णता वर भर म्हणून टाकतो. बोळातून जाताना एखाद्या घराच्या भिंतीवरच्या यंत्राची गरम हवा तोंडावर आली की लक्षात येते, आत कोणीतरी गारव्यात झोपले आहे आणि त्याची उष्णता आपल्याला मिळते आहे. गोष्ट बोळापुरतीही राहत नाही. आपल्या विजेचा मोठा हिस्सा अजून कोळसा जाळून तयार होतो. महाराष्ट्राच्या सरकारी औष्णिक केंद्रांपैकी सर्वांत मोठे केंद्र चंद्रपूरला आहे, आणि उन्हाळ्यात तिथे पारा पंचेचाळिशी ओलांडतो. राज्यातले सर्वांत तापणारे शहर राज्याला गार ठेवण्यासाठी कोळसा जाळते.

हे विज्ञान झाले. पण मला वाटते, हिशेबाचा धागा इथेच सापडतो. थंडावा कुठेही आपोआप निर्माण होत नाही. जिथे थंडावा आहे, तिथली उष्णता कुठेतरी गेलेली आहे. ती कुठे गेली आणि कोणी सोसली, एवढा प्रश्न जरी आपण स्वतःला विचारला, तरी सूरह तकासुरच्या शेवटच्या आयतीचा अर्थ उलगडू लागतो.

आजोबांच्या काळात सगळे कसे साधे होते, माठ होता, वाळ्याचे पडदे होते, असे उसासे टाकणाऱ्यांतली मी नाही. माठ आपोआप भरत नव्हता. तो भरण्यासाठी घरातल्या बायका आणि मुली पाणवठ्यावर जात होत्या. आणि बर्फ तर शतकानुशतके फक्त दरबाराचा होता. अबुल फजलच्या 'आइन-ए-अकबरी'त अकबराच्या आबदारखान्याचे वर्णन आहे. ज्या सोऱ्याची बंदुकीची दारू होते तोच सोरा वापरून बादशहासाठी पाणी गार केले जाई. पुढे लाहोरला उत्तरेच्या डोंगरांतून बर्फ येऊ लागला. नावांतून, गाड्यांतून, माणसांच्या पाठीवरून. बर्फ, सरबत, सुराही, फालुदा, कुल्फी हे सारे शब्द आपल्याकडे फार्सी-अरबीच्या वाटेने आले आणि मराठीत इतके मुरले की आज कोणाला परके वाटत नाहीत. पण शब्द येतात तेवढ्या लवकर वस्तू गरिबाच्या घरी येत नाही.

इंग्रजांच्या काळात १८३३ साली अमेरिकेतल्या बोस्टनहून जहाजाने बर्फ कलकत्त्याला उतरला आणि लवकरच मुंबईलाही येऊ लागला. मुंबईत सर जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत पाहुण्यांना आइस्क्रीम दिले, तेव्हा यजमान आणि पाहुणे सगळ्यांनाच सर्दी झाली आणि 'मुंबई समाचार'ने त्यांना चिमटा काढला, अशी गोष्ट सांगितली जाते. विलायती चैनीची ही शिक्षा आहे, असा त्या चिमट्याचा रोख होता. वाचून हसू येते, पण तेव्हाही लोकांना हे जाणवत होते की, भर उन्हाळ्यात बर्फ खाणे ही साधी गोष्ट नाही.

आज आपल्या कोल्हापुरात ती साधी गोष्ट झाली आहे आणि ते चांगलेच झाले आहे. गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर म्हशीचे धारोष्ण दूध पिणारे हे गाव, तालमीतल्या पैलवानांच्या थंडाईचे हे गाव, उन्हाळ्यात पाहुण्याला ग्लासभर 'कॉकटेल' आइस्क्रीम खाऊ घातल्याशिवाय परत पाठवत नाही. १९६३ साली जिल्ह्याचा सहकारी दूध संघ, म्हणजे आपला 'गोकुळ' उभा राहिला आणि खेड्यातल्या शेतकऱ्याच्या दोन म्हशींचे दूध गार करून लांबच्या शहरापर्यंत नासू न देता पोहोचवता येऊ लागले. म्हणजे थंडाव्याने गरिबाच्या घरात चार पैसेही आणले. गारीगारवाल्याची हाक आली की झोपडपट्टीतले पोरही नाणे घेऊन धावते. बादशहाची नेमत पोराच्या हातात आली, याचा शुक्र अदा करावा तेवढा थोडा.

मग अडचण कुठे आहे? पहिली अडचण या करवीरनगरीनेच पूर्वी पाहिलेली आहे. गंगाराम कांबळे राजर्षी शाहू महाराजांच्या पागेत नोकरीला होते. सवर्ण नोकरांसाठी असलेल्या पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना अमानुष मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा दिली आणि गंगारामांना चहाचे दुकान काढायला मदत केली. 'सत्यसुधारक' नावाच्या त्या हॉटेलासमोर महाराज स्वतः गाडी थांबवून चहा घेत आणि बरोबरच्या मंडळींनाही घ्यायला लावत. मुसलमानांच्या शिक्षणासाठी १९०६ साली मुस्लिम बोर्डिंग उभारणारे महाराज ते हेच. पुढे २० मार्च १९२७ रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे ओंजळभर पाणी घेतले तेव्हा भांडण तहानेचे नव्हतेच. ते पाणी काही इतर पाण्याहून वेगळे नव्हते. त्यावर आपला हक्क आहे हे सांगायचे होते.

आपण म्हणतो, आमच्यात हे नाही. आमच्यात तर एकाच ताटात जेवतात. मशिदीच्या सफेत ते खरे आहे. घराच्या दारात ते किती खरे आहे, हे ज्याचे त्याने पाहावे. कचरा न्यायला येणाऱ्या बाईने भर दुपारी पाणी मागितले तर तिला कोणत्या ग्लासात दिले जाते? फ्रिजमधली बाटली बाहेर येते, की नळाचे पाणी? आणि तो ग्लास नंतर कुठे ठेवला जातो? आमच्या चांगल्या, नमाजी, हाजी घरांतही खिडकीत उपडा ठेवलेला एक वेगळा पेला मी पाहिलेला आहे. थंड पाण्याचा हिशेब मागितला जाईल तेव्हा त्या पेल्याचा विषय निघणार नाही, असे मला वाटत नाही.

दुसरी अडचण शाळेच्या फाटकाबाहेर उभी असते. गरिबाच्या पोराला थंडावा मिळतो, पण कोणता? मासळी टिकवायला, काँक्रीट थंड करायला जो बर्फ तयार होतो, त्याला पिण्याचे पाणी वापरलेलेच असते असे नाही. तोच बर्फ गोळ्याच्या गाडीवर, उसाच्या रसात यायचा. म्हणून २०१८ साली नियम झाला की, खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग घालावा, म्हणजे तो पाहताच ओळखू यावा. नियम चांगलाच आहे. पण त्याचा अर्थ असा की, तोपर्यंत मेलेली मासळी आणि आपले पोर यांच्या बर्फात डोळ्यांना दिसणारा फरक नव्हता. इचलकरंजीत २०१२ साली दूषित पाण्यामुळे काविळीची साथ आली तेव्हा अनेकांचे जीव गेले. ते शहर इथून तासाभराच्या अंतरावर आहे. मॉलमध्ये बसून आइस्क्रीम खाणाऱ्याला बर्फाच्या रंगाची चौकशी करावी लागत नाही. ती चौकशी ज्याला सर्वांत जास्त गरजेची आहे, त्याला ती परवडत नाही.

२०२३ सालचा रमजान मार्चच्या अखेरीस सुरू झाला आणि एप्रिलच्या उन्हातून गेला. शाळा सकाळची होती. एका तासाला मागच्या बाकावरच्या मुलाने उभे राहून विचारले, "टीचर, रोजे में बर्फ बेचे तो गुनाह होता क्या?" वर्ग हसला. त्याचे अब्बा गोळ्याची गाडी लावतात, हे सर्वांना माहीत होते. मोहल्ल्यातल्या कोणीतरी त्यांना टोकले होते की, रमजानच्या दिवसा खाण्याची वस्तू विकणे बरे नव्हे. मुलगा सांगू लागला की, अब्बा स्वतः रोजा ठेवतात. दुपारभर बर्फ किसतात. हात सुन्न होतात आणि तोंडाला कोरड पडलेली असते. संध्याकाळी गाडी घरी ढकलत आणेपर्यंत मगरिबची अजान होते.

हसणारा वर्ग गप्प झाला. मी त्याला म्हटले, लहान मुले, आजारी माणसे, मुसाफिर, रोजा नसलेले शेजारी यांना गोळा विकणे ही कष्टाची हलाल कमाई आहे. पण ते उत्तर मुलापुरते होते. माझ्यापुरता प्रश्न वेगळाच राहिला. ज्या माणसाच्या बोटांना दिवसभर बर्फ लागतो आणि ज्याच्या जिभेला तो लागत नाही, त्याला आपण गुनाहाबद्दल विचारतो. त्याच्या डोक्यावर सावली का नाही, हे मात्र कोणी विचारत नाही. त्याला टोकणारा माणूस जोहरची नमाज एसीच्या मशिदीत पढून आला असेल. गाडी बाहेर उन्हात होती.

नमाजेवरून एक गोष्ट आठवते. बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत हदीस आहे की, कडक उन्हाळ्यात जोहरची नमाज थोडी उशिरा, ऊन उतरल्यावर पढावी. फिकहच्या भाषेत याला 'इब्राद' म्हणतात. म्हणजे गारवा येऊ देणे. नमाज ही दीनचा खांब. तिची वेळसुद्धा माणसाच्या शरीराला ऊन सोसवेना म्हणून पुढे सरकवता येते. मग बांधकामावरच्या मजुराची दुपार का सरकवता येत नाही? आपल्या घराचा स्लॅब भर बारा वाजता टाकून घेणारा मालक जमातीने नमाज पढतो आणि त्याला इब्रादची हदीस माहीत असते, पण ती त्याला मशिदीच्या घड्याळापुरतीच वाटते. अहमदाबादेत मे २०१० मध्ये उष्णतेच्या लाटेने मोठी जीवितहानी झाली. त्यानंतर २०१३ साली त्या शहराने उन्हाळ्याचा आराखडा तयार केला. लोकांना आधी इशारा देणे, पिण्याच्या पाण्याची सोय करणे, दवाखाने सज्ज ठेवणे अशा साध्याच गोष्टी त्यात आहेत. पुढे इतर शहरांनीही तसे आराखडे केले. चौदाशे वर्षांपूर्वी सांगितलेली गोष्ट आपल्याला नगरपालिकांकडून शिकावी लागते.

त्या २०२३ च्या रमजानातच, १६ एप्रिलला, नवी मुंबईत खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. लाखो माणसे तासन्‌तास मैदानात बसली होती. व्यासपीठावर छप्पर होते, समोरच्या माणसांवर नव्हते. उष्माघाताने १४ जण दगावले. पुढच्याच वर्षी, जून २०२४ मध्ये, हजच्या वेळी मक्केत पारा ५१ अंशांच्या वर गेला आणि १३०१ लोक मरण पावले. सौदी सरकारने सांगितले की, त्यांतले ८३ टक्के विनापरवाना आलेले होते. ज्यांच्याकडे परवाना होता त्यांच्यासाठी थंड तंबू आणि बसगाड्या होत्या. ज्यांच्याकडे नव्हता ते उन्हात लांबलांब चालत राहिले. परवान्याशिवाय जाऊ नये हे खरेच. पण अल्लाहच्या घरी सगळे सारखेच इहराम बांधून जातात, श्रीमंत-गरीब ओळखू येऊ नये म्हणून, आणि तिथेही थंडाव्याने दोन रांगा पाडल्या, हे मनाला लागल्याशिवाय राहत नाही. याच वाटेवर नवव्या शतकाच्या सुरुवातीला खलिफा हारून रशीद यांची बेगम जुबैदा हिने हाजींसाठी कालवा काढून पाणी आणले होते. तिने पाणी आणताना पिणाऱ्याकडे परवाना मागितला नव्हता.

लांबचे बोलताना घरातले विसरू नये. इफ्तारचा दस्तरखान पाहा. फालुदा, दुधातले गुलाबाचे सरबत, सब्जा, कापलेले कलिंगड. बैठकीत कूलर चालू असतो. हे सारे जिथे तयार झाले, भजी तळली गेली, शिरखुर्म्याच्या सरावाची खीर आटवली गेली, त्या स्वयंपाकघरात पंखाही लावता येत नाही, कारण शेगडी विझते. तिथे उभी असलेली बाईही रोजेदारच असते. अजान झाल्यावर ती सर्वांत शेवटी येऊन बसते आणि तोवर सरबतातला बर्फ वितळलेला असतो. कूलरची दिशा बदलायला फतवा लागत नाही. दोन माणसांनी उठून तळणाचे काम हातात घ्यायलाही लागत नाही.

कोणी म्हणेल, मी घरचा एसी बंद केला म्हणून भाजीवालीला गारवा मिळणार आहे का? नाही मिळणार. नुसत्या त्यागाने हिशेब पुरा होत नाही. माझ्या समजुतीने दीनने यासाठी दुसरा मार्ग सांगितला आहे. पाणी, चारा आणि विस्तव यांत सगळ्यांचा वाटा आहे, अशी हदीस अबू दाऊदमध्ये आहे. बुखारीत असा आशय आहे की, वाटेवर ज्याच्याकडे गरजेपेक्षा जास्त पाणी होते आणि ज्याने ते मुसाफिराला दिले नाही, त्याच्याकडे अल्लाह पाहणार नाही. कारण जे तुझ्या हातांनी निर्माण केलेले नव्हते ते तू अडवून धरलेस. पाणी आपण निर्माण करत नाही, गारवाही निर्माण करत नाही, हे विज्ञानाच्या धड्यात आलेच आहे. आपल्याकडे येते ती फक्त राखण. तिलाच अमानत म्हणतात.

मदिनेत रूमा नावाची विहीर होती आणि तिचे पाणी विकत घ्यावे लागे. पैगंबर साहेबांनी आवाहन केले की, जो ही विहीर घेईल आणि आपली बादली इतर मुसलमानांच्या बादल्यांसारखीच तीत सोडील, त्याला जन्नतमध्ये याहून उत्तम मिळेल. हजरत उस्मान (रजि.) यांनी विहीर विकत घेतली आणि सर्वांसाठी खुली केली. या प्रसंगात मला पैशापेक्षा बादलीची अट मोठी वाटते. दाता वेगळ्या घाटावर पाणी भरणार नाही. त्याची बादली रांगेतली एक बादली असेल.

तहानलेल्या कुत्र्यासाठी विहिरीत उतरून मोज्यात पाणी भरून आणणाऱ्याला अल्लाहने माफी दिली, ही हदीस आपण मुलांना सांगतो. पैठणच्या नाथांनी रामेश्वराला न्यायचे गंगेचे पाणी वाटेत तडफडणाऱ्या गाढवाला पाजले, ही गोष्ट आमची मुले मराठीच्या तासाला ऐकतात. मुलांना दोन्ही गोष्टी एकाच गोष्टीसारख्या वाटतात आणि त्यांचे बरोबरच आहे. आपल्या मोहरमच्या सबिलीही याच जातीच्या. फुरातच्या काठावर हुसैनच्या (रजि.) काफिल्याचे पाणी तोडले गेले, त्या तहानेच्या आठवणीत बाबूजमाल, घुडणपीर, बाराइमामच्या वाटेवर सरबत वाटले जाते आणि ते पिणाऱ्याची जात-धर्म कोणी विचारत नाही. पण चांद्र महिने फिरत राहतात. मोहरम कधी पावसाळ्यात येतो, कधी थंडीत. ऊन मात्र दर चैत्रात येते आणि वळीव पडेपर्यंत हटत नाही.

हल्ली जवळजवळ प्रत्येक मशिदीत पाणी थंड करणारे यंत्र असते. बहुधा ते कोणाच्या तरी मरहूम आई-वडिलांच्या नावाने दिलेले असते. वर संगमरवरी पाटी असते, ईसाले-सवाबची. रिवाज चांगला आहे आणि त्याला आधारही आहे. हजरत साद बिन उबादा (रजि.) यांनी आईच्या मृत्यूनंतर विचारले की, कोणता सदका उत्तम? उत्तर मिळाले, पाणी. त्यांनी विहीर खोदली आणि ती आईच्या नावे केली. पण विहीर रस्त्यावरच्या कोणालाही सापडते. आपल्या यंत्राचा नळ मात्र बहुतेक ठिकाणी आत, वजूखान्याच्या पलीकडे असतो. नमाजीला पाणी मिळते. रिक्षावाला, भंगार गोळा करणारी बाई, खत-पोती वाहणारा हमाल, शाळेतून घरी निघालेले कोणत्याही घरचे पोर, यांना त्या नळापर्यंत पोहोचता येत नाही, आणि बायकांना तर नाहीच नाही.

कोल्हापूरच्या प्रत्येक मोहल्ल्याच्या ट्रस्टला एवढे काम सहज जमेल. त्याच यंत्रातून एक नळी काढून भिंतीच्या बाहेर, रस्त्याच्या बाजूला दुसरा नळ लावायचा. खाली लहान मुलाचा हात पोहोचेल एवढ्या उंचीवर आणखी एक. महिन्यातून एकदा टाकी धुवायची, पाणी तपासून घ्यायचे आणि तारीख खडूने भिंतीवर लिहायची. वर एक पत्रा टाकला तर गोळ्याच्या गाडीलाही दुपारी सावलीत उभे राहता येईल. पाटी तशीच राहू दे. खर्च प्लंबरच्या एका दिवसाचा आहे, आणि वळीव पडायला अजून अवकाश आहे.